व्याह्यांच्या खाडीतला चारा

नागपुरात मी समुद्रावरच्या मासेमारीचं सामान विकत होतो, असं सांगितलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघतात. ती मान डोलावते तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसतो. समुद्र गाठायला आख्खा दिवस गाडीत बसावं लागतं अशा शहरात हा धंदा कोण करील? मी केला, आणि त्यावर दोन मुलींची शिक्षणं झाली. आता सक्करदऱ्याचं ते दुकान धाकटी चालवते. मी दुपारी जाऊन बसतो आणि तिने "बाबा, घरी जा आता" म्हणेपर्यंत गिऱ्हाइकांशी बोलतो.

सुरुवातीला दुकानात तळ्यावरचंच सामान होतं. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, लहानमोठे गळ. मग कोणी सुट्टीत गोव्याला जाऊन आला, कोणाची बदली रत्नागिरीला झाली, आणि "मोठ्या माशाची दांडी आहे का?" अशी विचारणा सुरू झाली. मी दांड्या मागवल्या. त्या कोण कशासाठी नेईल याचा मात्र नेम नसे. मनीषनगरच्या एक बाई चांगली महागाची दांडी घेऊन गेल्या. पुढे कळलं, त्यांचे वाळत घातलेले कपडे खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत पडायचे आणि खालच्या बाईंशी त्यांचं बोलणं बंद होतं. काही दिवसांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "सगळं वर येते हो, फक्त चादर जड जाते. याहून मजबूत दोरा आहे का?"

ज्यांना खरंच समुद्रावर जायचं असे, त्यांना मी वर्षातून एकदा कोकणात घेऊन जात असे. मला स्वतःला होडी लागते. पाणी जरा हललं की मी आडवा होतो. गिऱ्हाइकांना हे आवडायचं. आपल्याला शिकवणारा माणूस आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत आहे, याचा धीर येतो.

तळ्यावर मासे धरलेल्या माणसाला समुद्रावर पहिला धक्का बसतो तो चाऱ्याचा. गळाला जे खाणं लावायचं, त्याला आम्ही चारा म्हणतो. तळ्यावर कणकेचा गोळा चालतो, गांडूळ चालतं. खाडीतल्या मोठ्या माशापुढे कणकेचा गोळा नेला तर तो त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला लागतो छोटा मासा, शक्यतो जिवंत, आणि त्याच पाण्यातला. म्हणजे मोठा मासा धरायला जायच्या आधी तुम्हाला लहान मासे धरायला जावं लागतं, आणि निम्म्याहून जास्त लोकांची सुट्टी तिथेच संपते. दुकानात मी सगळं विकलं, पण चारा कधी विकला नाही. तो ज्याचा त्यानेच धरायचा.

या चाऱ्यापायी घडलेली एक गोष्ट सांगतो.

भाऊराव काळबांडे माझे जुने गिऱ्हाईक. वीज खात्यातून निवृत्त झालेले, काटोलकडे गावाला शेती, रविवारी गावच्या तळ्यावर गळ टाकून बसणारे. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, वैशालीचं, लग्न कोकणातल्या परबांच्या घरात झालं. मुलगा निखिल कुडाळला बँकेत. मुलाचे वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. लग्न नागपुरात होतं. आदल्या दिवशी भाऊरावांनी वऱ्हाडी मंडळींना मुद्दाम रोहू माशाचं जेवण घातलं, सावजी मसाल्यातलं. तात्यांनी एक घास घेतला. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी आलं. ते पुसून झाल्यावर ते म्हणाले, "ह्या माशाक चिखलाचो वास मारता."

भाऊराव म्हणाले, "वास माशाचा नाही, नाकाचा आहे."

तात्यांनी ताट सरकवलं आणि भरल्या मांडवात सांगितलं, "मी रोज सकाळी माझ्या हातान चारो पकडतंय आणि ताजो मासो खातंय. आमका मासो शिकवू नकात."

लग्न व्यवस्थित पार पडलं, पण त्या जेवणानंतर दोन व्याही एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. फोनवर दोघं वैशालीशी बोलायचे. "तुझ्या बाबांक सांग, पाऊस बरो झालो." "तुझ्या सासऱ्याले सांग, इकडेही झाला." असं वर्षभर चाललं. त्यातच वैशालीला दिवस गेले, सातवा महिना लागला, आणि सासरी डोहाळजेवण ठरलं. भाऊरावांच्या पत्नी आधीच तिकडे जाऊन राहिल्या होत्या. भाऊराव माझ्या दुकानात आले.

"बंडूभाऊ, मले समुद्रातला मासा पकडाचा आहे. व्याह्याच्या डोळ्यासमोर. त्याच्या घरासमोरच्या खाडीतून."

"पकडू ना. चारा तिथंच धरू."

"तिथला चारा नाही पाहिजे. त्याच्या खाडीतलं मी काहीच घेणार नाही. चारा आपल्या तळ्यातला नेऊ, जिवंत."

मी त्यांना समजावलं की गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यात जगत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललो.

"माझी पोरगी इथलीच ना गा? तिथं जगूनच राहिली ना?"



त्याच संध्याकाळी वैशालीचा फोन आला. "काका, बाबा मासा पकडाले येऊन राहिले म्हणे. तुम्हीही येऊन राहिले का?"

"हो वं."

"मग ऐका. बाबांनी मासा पकडला तर तात्या महिनाभर घराबाहेर पडणार नाहीत. नाही पकडला तर बाबा परत इथं पाय ठेवणार नाहीत. दोघांतलं कोणी हरलं नाही पाहिजे."

"मी दुकानदार आहे वं. मी काय करू?"

"मले काही माहीत नाही. बाळ येईपर्यंत हे दोघं बोलले पाहिजेत. मी कुठवर यांचे निरोप पोचवत राहू?" एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. वडिलांबरोबर दुकानात येऊन ती काउंटरवरचे रंगीत बूच मोजत बसायची. मी म्हटलं, बघतो.

मडगावकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही बसलो. सोबत झाकणाची मोठी बादली, तिच्यात बोटभर लांबीचे गावच्या तळ्यातले मासे, आणि पाण्यात हवा सोडणारा, बॅटरीवर चालणारा लहान पंप. पंप सारखा घर्रघर्र करत होता. वरच्या बर्थवरच्या माणसाने भुसावळपर्यंत सहन केलं आणि मग विचारलं, "काकांची तब्येत बरी नाही का?" त्याला वाटलं भाऊरावांना कसलं तरी मशीन लावलंय. टीसी आला.

"यात काय आहे?"

"मासे," भाऊराव म्हणाले.

"कुठे नेताय?"

"कोकणात."

टीसीने तिकिटावर खूण केली, दोन पावलं पुढे गेला आणि मागे आला. "कोकणात मासे नेताय?"

"हो. काहून?"

टीसीने मला विचारलं, "तुम्ही यांच्यासोबत आहात का?" मी म्हणालो, "डब्यात भेटलो."

भाऊरावांनी त्या माशांची जी काळजी घेतली ती बघण्यासारखी होती. ते दर स्टेशनला झाकण उघडून बघायचे. नळाचं पाणी घालू नका, त्यातल्या औषधाने मासे मरतील, असं मी सांगितलं, तर घरून आणलेलं विहिरीचं पाणी ते वाटीने घालत राहिले. स्वतःला प्यायला त्यांनी बाटली विकत घेतली. कुडाळला उतरलो तेव्हा बहुतेक मासे जिवंत होते.

तात्यांचं घर खाडीच्या अगदी तोंडाशी. तात्या अंगणात उभे होते. उंच, ताठ, आणि बोलणं अजूनही चालत्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचेल असं. ते माझ्याशी बोलले, प्रवासाची चौकशी केली. भाऊरावांसाठी मात्र निखिलकडे वळून म्हणाले, "त्यांका सांग, हात-पाय धुवन घेवा."

भाऊरावांनी हात-पाय धुण्याआधी बादली उचलली आणि धक्क्यावर गेले. मागोमाग आम्ही सगळे. प्रवासात पाणी गढूळ झालं होतं. माझ्या मनात काय येतंय ते ओठांवर येईपर्यंत त्यांनी निम्मं पाणी ओतून दिलं आणि खाडीचं ताजं पाणी बादलीत घेतलं. "आता खुलतीन," ते म्हणाले.

मासे आधी सैरावैरा फिरले. मग वर येऊन तोंडं उघडायला लागले. मग एकेक करून आडवे झाले. भाऊराव बादलीपाशी उकिडवे बसून बघत होते, आणि मध्येच त्यांनी मान वर करून वैशालीकडे पाहिलं. ती पोटावर हात ठेवून उभी होती.

"मी बरी आहे बाबा," ती म्हणाली.

तात्या हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. हलक्या आवाजात निखिलला म्हणाले, "त्यांका सांग, गोड्यातलो मासो खाऱ्यात जगणा नाय."

"त्यांना सांगा," भाऊराव म्हणाले, "मले माहीत आहे."

निखिलने दोन्हीकडे मान हलवली. तो मुलगा लग्नानंतर बराच वाळला होता, याचं कारण मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी जेवताना मी तात्यांना बघत होतो. त्यांनी लोणच्याची बरणी फळीवरून काढली ती डाव्या हाताने. उजव्या हाताने घास घेताना कोपर बरगडीपासून हलत नव्हतं. जेवणानंतर शर्ट घातला तो आधी उजवी बाही सावकाश चढवून. दांडी विकताना आम्ही गिऱ्हाइकाला ती डोक्यावर नेऊन मागे-पुढे करायला सांगतो, त्यामुळे धरलेले खांदे मला लांबून ओळखता येतात. या माणसाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आणि खाडीत चारा धरायचं जाळं हात वर गेल्याशिवाय फेकता येत नाही. रोज सकाळी स्वतःच्या हाताने चारा धरण्याची जी गोष्ट मांडवात झाली होती, ती बहुधा मागच्या काळातली होती. मी कोणाला काही बोललो नाही.

सकाळी भरती लागायच्या वेळेला, मी दुकानातून आणलेलं जाळं घेऊन आम्ही काठावर गेलो. आपले मासे मेल्यावर भाऊरावांनी वेगळा सूर लावला होता: "खाडी सरकारची आहे. तिच्यातला चारा मी माझ्या हातानं धरीन." तात्या जरा लांब, उलट्या ठेवलेल्या होडीवर, पाठ करून बसले. पाठ करून बसलेला माणूस इतक्या वेळा मान वळवत नाही.

चाऱ्याचं जाळं गोल असतं. कडेला शिशाचे मणी, मधून निघालेली दोरी मनगटाला बांधलेली. थोडं जाळं खांद्यावर, थोडं हातात धरून कमरेतून फिरायचं आणि सोडायचं. ते हवेत ताटासारखं उघडून पाण्यावर पडलं पाहिजे. कोकणात त्याला पाग म्हणतात. भाऊरावांचं पहिलं जाळं गुंडाळलेल्या घोंगडीसारखं पडलं. दुसरं तसंच. आजूबाजूला बोयांचे थवे चमकत फिरत होते. बोय म्हणजे खाडीतला चपळ, चंदेरी मासा. वीतभराचा असताना त्याच्यासारखा चारा नाही. भाऊरावांचं जाळं पडलं की ते थोडे बाजूला सरकायचे आणि परत यायचे.

तिसऱ्या वेळी भाऊरावांनी सगळा जोर लावला. जाळं उघडलं, छान उघडलं, पण त्याचं एक टोक त्यांच्या शर्टाच्या बटणात अडकलं होतं. जाळं गेलं आणि पाठोपाठ भाऊराव गेले. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण खाली चिखल होता, आणि ते जाळ्यात गुरफटून तोंडावर पडले.

मी उठेपर्यंत तात्या पाण्यात पोचले होते. त्यांनी डाव्या हाताने भाऊरावांची कॉलर धरून त्यांना वर काढलं, आणि वर्षभरात व्याह्याशी पहिल्यांदा थेट बोलले.

"शर्ट काढा."

"काहून?" भाऊरावांनी चिखल थुंकत विचारलं.

"बटनाचो शर्ट घालून कोण पाग मारता? बटन अडाकता, माणूस जाता. काढा आधी."

भाऊरावांनी शर्ट काढला. बनियनवर उभे राहिले. मग त्यांचा मूळ स्वभाव जागा झाला. "एवढं येते तर तुम्हीच टाकून दाखवा ना."

तात्यांनी हात पुढे केला नाही. जाळ्याकडे बघत राहिले. वैशालीने माझ्यावर सोपवलेलं काम इथे अडलं होतं. मी काठावरूनच म्हणालो, "तात्या, तुम्ही टाकलं तर चारा तुमचा होईल, आणि भाऊराव तुमचा चारा गळाला लावणार नाहीत. तुम्ही नुसतं तोंडाने सांगा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. त्यांनी घसा साफ केला आणि मग जे बोलायला लागले ते दुपारपर्यंत थांबले नाहीत. सूर्याकडे तोंड करून उभे रहा, सावली मागे पडली पाहिजे. हलू नका. थवो येवंदे. वायच थांबा. अजून. आता. आता म्हणजे आता, उद्या नाय.

"एका वेळी एकच सांगा ना गा," भाऊराव ओरडले.

"मी एकच सांगतंय, तुमी ऐकत नाय."

पाचसहा फेकींनंतर जाळं ताटासारखं पडलं आणि ओढलं तेव्हा आत बोय उड्या मारत होते. दोघंही वाकून बघायला लागले. भाऊराव हाताने मासा उचलणार तोच तात्या म्हणाले, "हात भिजवा आधी. कोरडो हात लागलो तर खवलं जातत, मासो टिकणा नाय." मोजके, चांगले मासे बादलीत घेतले, गर्दी केली की सगळेच मरतात. बाकीचे एका डब्यात टाकले.

निखिलने होडी काढली. खाडीच्या तोंडाशी, खडकांजवळ नांगर टाकला. मी नेहमीप्रमाणे तळाशी आडवा झालो, त्यामुळे पुढचं बरंचसं मी आवाजावरून सांगतो आहे. बोयाच्या वरच्या ओठातून गळ ओवायचा, म्हणजे तो जिवंत राहतो आणि पोहत राहतो, हे तात्यांनी सांगितलं. भाऊरावांनी ओवला. पहिल्या झटक्याला त्यांनी दांडी खेचली आणि गळ रिकामा आला.

"घाई कित्याक? तेका तोंडात घेवंदे तरी."

"तळ्यात लगेच खेचावं लागते."

"ह्या तळा नाय."

दुसरा बोय गेला. बराच वेळ दोघं शेजारी शेजारी बसून दोऱ्याकडे बघत होते. मग दोरा सावकाश निघाला, थांबला, आणि एकदम धावला. भाऊरावांनी या वेळी धीर धरला, मग दांडी उचलली, आणि ती कमान होऊन वाकली. होडी तिरकी झाली. तात्या धावून दांडीला हात घालायला गेले आणि कळवळून खाली बसले.

"काय झालं?" भाऊरावांनी दांडी पोटाला लावून विचारलं.

"काय नाय."

"हात वर नाही जात का?"

दोरा सुरसुर करत निघून चालला होता. तात्या म्हणाले, "वरीस होवन गेला. खांदो धरलो."

"मग सांगतलं काहून नाही?"

"तुमका? लग्नात?"

भाऊराव फळीवर बाजूला सरकले. "डावा हात चालते ना? मग या इकडं. मी दांडी धरतो, तुम्ही फिरवा."

आणि खरोखरच त्या दोघांनी तो मासा तसा ओढला. भाऊराव दोन्ही हातांनी दांडी धरून, तात्या त्यांच्या कुशीला चिकटून डाव्या हाताने दोऱ्याचं चाक फिरवत. दोघांचे पाय एकमेकांत, दोघं एकाच वेळी ओरडत. "फिरव ना गा." "आधी खाली घे रे दांडी, खाली." कुठल्या वेळी तुमीचं तू झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. शेवटी निखिलने हातजाळीत मासा उचलला आणि घाईघाईत माझ्या पोटावर टाकला. तांबोशी होती, लालसर, जाड ओठांची, माझ्या मांडीएवढी. तिने शेपटीने माझ्या तोंडावर एक दिली. मी तिचा राग धरला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

घरी पोचेपर्यंत भांडण सुरू झालं होतं. दांडी कोणाची, चाक कोणी फिरवलं, चारा कोणी धरला. अंगणात तांबोशी पाटावर ठेवली, शेजारचे जमले, आणि दोघांनी वैशालीलाच विचारलं, कोणी पकडला सांग.

वैशालीने तांबोशीकडे बघितलंही नाही. तिने उरलेल्या बोयांचा डबा उघडला. "मले हे पाहिजेत. कडक तळून."

"अगो, ता चारो," तात्या म्हणाले.

"मले तेच पाहिजेत."

सातव्या महिन्यातल्या बाईला नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी रवा लावून ते तळले. डोहाळजेवणाला आलेल्या पाहुण्यांना तांबोशीचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, आणि वैशालीच्या ताटात चारा. ती काट्यांसकट खात होती. दोन्ही म्हातारे तिच्यासमोर बसले होते.

"कोणी धरले हे?" तिने विचारलं.

भाऊराव म्हणाले, "जाळं मी टाकलं. पण कधी टाकायचं ते यांनी सांगतलं."

तात्या म्हणाले, "मी नुसतो बोललंय. टाकल्यान तेनी."

"आणखी लागतील मले. उद्या," वैशाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळं घेऊन अंगणात आलो, तर दोघं निघाले होते. दोघांच्याही अंगात बनियन. भाऊरावांनी जाळं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "बंडूभाऊ, तुम्ही आराम करा. आम्ही येतो जाऊन."

एवढ्या वर्षांत असं कोणत्या गिऱ्हाइकाने मला मागे ठेवलं नव्हतं. मला थोडं लागलं. मी पायरीवर बसलो. वैशाली चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली. खाडीवर धुकं होतं, माणसं दिसत नव्हती. फक्त पाण्यावरून आवाज येत होते, एक मालवणी आणि एक नागपुरी, एकमेकांवर चढलेले.

तिने कान दिला. "काका, भांडून राहिले का?"

"हो वं. चांगलेच."

"मग होऊ द्या," ती म्हणाली, आणि माझ्या बशीतलं बिस्कीट उचलून खायला लागली.